कोर्ट बांधण्याआधीची मोजणी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा म्हणते. ज्याने ती पहिल्यांदा म्हटली, त्याच्या मनात वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे आणि भाऊबंदकीतला मनस्ताप असणार. पण तुम्ही-आम्ही शहाणे असो वा नसो, केव्हातरी ती पायरी चढायची वेळ येतेच. बांधाचा तंटा होतो, वाटणीचा दावा होतो, मुलीच्या पोटगीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर नुसती साक्ष द्यायला तरी जावे लागते. म्हणून आज म्हणीतला उपदेश बाजूला ठेवू आणि तिच्यातल्या त्या पायरीकडेच पाहू. ही पायरी किती उंच असावी, ती चढून गेल्यावर माणसाने बसावे कुठे, पाणी कुठे प्यावे, त्याचे कागद कुठे राहावेत, हे कोण ठरवतो? आणि कशावरून ठरवतो?

हा प्रश्न आज काढायला कारण आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी कोल्हापुरात सर्किट बेंच बसेल असे अधिसूचनेने जाहीर केले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमातील तिसऱ्या पोटकलमाने तो अधिकार मुख्य न्यायमूर्तींना दिला आहे. १७ ऑगस्टला त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १८ ऑगस्टपासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे आता या ठिकाणी चालायची. या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार चार दशकांहून अधिक काळ झगडत होते. मागणी मान्य झाली हे चांगलेच झाले. पण मान्य झालेल्या मागणीला घर लागते. तात्पुरते घर भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या वास्तूत झाले. कायमच्या घरासाठी शेंडा पार्क परिसरातील सुमारे २५ एकर जागा ठरली. म्हणजे एक जुनी इमारत दुरुस्त करून वापरायची आणि दुसरी नवी उभारायची, असे दोन्ही प्रश्न कोल्हापुरापुढे एकाच वेळी आले.

घरात लग्न निघाले म्हणजे आपण काय करतो? आधी पंगत मोजतो, मग मांडव घालतो. किती पानं उठायची, किती पंगती बसायच्या, वऱ्हाड रात्री मुक्कामाला आहे की नाही, हे ठरल्याशिवाय आचाऱ्याला कोणी सुपारी देत नाही. सरकारी इमारतीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उलटे होते. आधी नकाशा निघतो, मग कोनशिला बसते आणि माणसे किती येणार हा हिशेब इमारत उभी राहिल्यावर व्हरांड्यात आपोआप होतो. कोर्टाच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते, कारण कोर्टाची इमारत शंभर-दीडशे वर्षे टिकते. तिच्यातली चूकही तितकीच टिकते.

आता जरा मागे जाऊ. न्यायासाठी जागा कशी असावी याचा विचार आपल्याकडे इंग्रजांनी आणला असे समजायचे कारण नाही. मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेपुढे चालत. सभा बसायची ती देवळात, चावडीवर किंवा नदीकाठी. वादी आणि प्रतिवादी यांनी आपापली तकरीर सांगायची, निवाडा मान्य करू असे लिहून द्यायचे, जामीन द्यायचे आणि शेवटी महजर व्हायचा. त्या महजरावर जमलेल्यांची नावे पडत आणि निशाण्याही पडत. शेतकऱ्याचा नांगर, तसे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. दिव्यासारखे अघोरी प्रकार होते, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या देवळात पाऊलही टाकता येत नव्हते. तरी तिच्या दोन गोष्टी आजही ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, सभा उघड्यावर, सगळ्यांना दिसेल आणि ऐकू जाईल अशा ठिकाणी बसे. दुसरी, आपल्या गावी न्याय मिळणार नाही असे ज्याला वाटे, त्याला परस्थळी निवाडा मागता येई. म्हणजे न्याय कोणत्या जागी होतो याला न्यायाइतकेच महत्त्व आहे, हे त्या लोकांना कळत होते.

पुढे संस्थानी अमलात कोल्हापुरात रीतसर कोर्टे झाली, कायद्याची पुस्तके आली, वकील आले. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती १८९४ साली राज्याची सूत्रे आली. महाराज दौऱ्यावर असताना वाटेत गाठ पडेल त्याची फिर्याद ऐकत, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांची एक गोष्ट आजच्या विषयाला जास्त लागू आहे. मागास समाजातील तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. त्याचा अर्थ एवढाच की, ज्यांनी आजवर कोर्टाच्या बाहेर अंगणात उभे राहायचे, ते आता आतल्या खुर्चीवर बसू लागले. कोर्टात कोण कोण येणार याची यादी त्या सनदांनी वाढवली. आजही नव्या इमारतीचा हिशेब करताना पहिला प्रश्न हाच असतो. कोण येणार? आणि ज्यांना यायचे आहे पण येता येत नाही, असे कोण आहेत?

संस्थानाच्या काळात कोल्हापूरला स्वतःचे हायकोर्ट होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अपिलासाठी मुंबईची वाट धरावी लागली. सावंतवाडीच्या माणसाला मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, सोलापूरकराला चारशे, कोल्हापूरकराला पावणेचारशे. एका तारखेसाठी दोन रात्रींचा प्रवास आणि वर मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च. शेतकरी माणूस हा खर्च जमिनीच्या किमतीशी ताडून पाही आणि पुष्कळदा अपील करायचेच सोडून देई. त्याचा हक्क असा न्यायाधीशापुढे न जाताच बुडे. सर्किट बेंचने हे अंतर कमी केले. आता प्रश्न आहे तो अंतर संपल्यावर, फाटकातून आत शिरल्यानंतर काय होते याचा.

या बाबतीत मुंबईची कथा ऐकण्यासारखी आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. त्या वेळी काम सुरू केले ते सात न्यायाधीशांनी. सोळा वर्षे कोर्ट जुन्या जागेत चालले. दरम्यान एप्रिल १८७१ मध्ये कर्नल फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे नव्या इमारतीचे काम लागले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये ते पुरे झाले. ५६२ फूट लांब, १८७ फूट रुंद आणि मधला मनोरा १७५ फूट उंच. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमीच! सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा स्वस्तात झाले, हे ऐकून गावोगावचे सरपंच आश्चर्य करतील. रुपयांचा हिशेब इतका चोख होता. पण पुढे माणसे किती वाढणार याचा हिशेब कोणाला करता आला? आज त्या न्यायालयासाठी न्यायाधीशांची मंजूर संख्या ९४ आहे. सातासाठी सुरू झालेल्या संस्थेला ९४ माणसांचा संसार मांडायचा म्हटल्यावर जुन्या वास्तूला जोडइमारती जोडाव्या लागल्या, आणि शेवटी वांद्र्याला नवे संकुल बांधायचे ठरले. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या संकुलाच्या पायाभरणीच्या वेळी सरन्यायाधीश गवई यांनी बजावले की, ही इमारत न्यायाचे मंदिर व्हावी, आलिशान हॉटेल होऊ नये. बोल शेलका आहे. पण मंदिर म्हटले तरी त्याला दर्शनबारी लागते, पाणपोई लागते, चपला ठेवायची जागा लागते. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गेलेल्याला हे सांगायला नको.

नागपूरचे उदाहरण वेगळे आहे. नागपूर हायकोर्ट १९३६ साली झाले आणि त्याची देखणी दगडी इमारत जानेवारी १९४० मध्ये उघडली. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. हायकोर्टाचा दर्जा गेला, पण इमारत न्यायाच्याच उपयोगात राहिली. चांगली बांधलेली इमारत राज्ये बदलली तरी टिकून राहते ती अशी.

आता हिशेब करायचा कसा ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी कागद-पेन्सिल घ्यायला हरकत नाही.

पहिली मोजणी कामांची. आज किती खटले पडून आहेत, वर्षाला किती नवे येतात, किती निकाली निघतात आणि गेल्या दहा वर्षांत हे आकडे कसे चढले, हे पाहायचे. त्यावरून पुढील वीस-तीस वर्षांत किती न्यायाधीश लागतील याचा अदमास घ्यायचा. न्यायाधीश किती, त्यावर कोर्टाच्या खोल्या किती हे ठरते. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. एका कोर्टाच्या खोलीमागे न्यायाधीशांची बसायची खोली लागते, शिरस्तेदाराची आणि लघुलेखकाची जागा लागते, चालू कामांची कागदपत्रे ठेवायची जागा लागते. आणि सगळ्या कोर्टांना मिळून नाझराची कचेरी, नक्कल विभाग, दाव्यांची नोंद करायची खिडकी, वकिलांची खोली, ग्रंथालय, विधी सेवेची कचेरी. नुसत्या खोल्या मोजल्या आणि हे सारे विसरले, की मग व्हरांड्यात कपाटे येतात आणि जिन्याखाली टंकलेखक बसतो.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. तालुक्याचे कोर्ट आणि हायकोर्टाचे खंडपीठ यांची गरज एकसारखी नसते. तालुक्याच्या कोर्टात साक्षी होतात, पंच येतात, मुद्देमाल येतो, कच्चे कैदी पोलिसांबरोबर येतात. तेव्हा तिथे कोठडी लागते, साक्षीदारांची खोली लागते, मुद्देमालाची मजबूत कोठी लागते. हायकोर्टात बहुतांश अपिले आणि अर्ज. साक्षीदाराचा पुकारा तिथे क्वचितच होतो. तिथे खालच्या कोर्टाचे कागद येतात आणि त्यांवर वकिलांचा युक्तिवाद होतो. म्हणून तिथे कागदाला जागा जास्त, वकिलांना जागा जास्त, पुस्तकांना जागा जास्त. जिल्हा कोर्टासाठी बांधलेली इमारत हायकोर्टाला देताना नुसते रंगकाम करून भागत नाही, ते याचमुळे.

दुसरी मोजणी माणसांची. एक गणित घालतो. समजा, एका कोर्टाच्या बोर्डावर दिवसाला ६० कामे आहेत. प्रत्येक कामाला दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला एक पक्षकार व एक वकील धरला, तर २४० माणसे झाली. एकच वकील चार कामांत असतो, काही पक्षकार येतच नाहीत, म्हणून निम्मी धरू. राहिली १२०. कोर्टाच्या खोलीत बाकांवर बसतात ४०. मग ८० जण बाहेर. अशी सहा कोर्टे असली तर ४८० माणसे सकाळी अकरा वाजता व्हरांड्यात. माणशी दीड फूट बाक धरला तरी ७२० फूट बाक हवा! आता तुमच्या माहितीतल्या एखाद्या कोर्टाचा व्हरांडा डोळ्यांपुढे आणा आणि तिथे किती फूट बाक आहे ते आठवा. म्हणजे बायाबापड्या भिंतीला टेकून जमिनीवर का बसतात, त्याचे उत्तर मिळेल.

पण हेच गणित आणखी एक गोष्ट शिकवते. बोर्डावरची ३० कामे सकाळी आणि ३० दुपारी बोलावली, आणि ती वेळ खरोखर पाळली, तर एका वेळची गर्दी निम्म्यावर येते. एक वीटसुद्धा न रचता! म्हणून जाणते लोक सांगतात की, इमारतीची गरज मोजताना कामाची रीतही तपासावी. जिथे वेळापत्रकाने भागते तिथे मजला चढवू नये. तसेच आता पुष्कळसे अर्ज संगणकावरून दाखल होतात आणि काही सुनावण्या दूरदृश्य पद्धतीने होतात. त्यामुळे काही खिडक्यांसमोरची रांग घटेल, पण वीज, यंत्रे आणि त्यांचा जाणकार यांना जागा लागेल. खेड्यातल्या पक्षकाराला ते यंत्र हाताळता येत नसेल, तर त्याला मदत करणारे टेबलही लागेल.

तिसरी मोजणी वाटांची. ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची. कोर्टात चार वाटा वेगळ्या हव्यात. एक न्यायाधीशांची, दुसरी पक्षकार व वकिलांची, तिसरी कैद्यांची आणि चौथी कागदपत्रांची व मुद्देमालाची. का? कल्पना करा, एक मुलगी आपल्यावर झालेल्या अत्याचाराची साक्ष द्यायला आली आहे आणि व्हरांड्यात समोरच्याच बाकावर आरोपीचे भाऊबंद बसले आहेत. तिची साक्ष पिंजऱ्यात उभे राहण्याआधीच मोडते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी देशभर अशा साक्षीदारांसाठी वेगळी, सुरक्षित साक्षकेंद्रे करण्याचे आदेश दिले, ते याच विचाराने. कायदा कितीही चांगला असला, तरी तिच्यासाठी वेगळा दरवाजा आणि वेगळी खोली नकाशात नसेल, तर तो कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही.

चौथी मोजणी साध्या सोयींची. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील खंडपीठाच्या जोडइमारतीचे उद्घाटन झाले. त्या वेळचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी तिथे देशातील न्यायालयांचे जे आकडे सांगितले ते ऐका. शेकडा २६ न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे नाहीत. शेकडा १६ ठिकाणी पुरुषांसाठीही नाहीत. शुद्ध पिण्याचे पाणी आहे ते शेकडा ५४ ठिकाणी. प्राथमिक औषधोपचाराची सोय शेकडा ५ ठिकाणी. कागदपत्रांची वेगळी खोली शेकडा ३२ ठिकाणी. पुढे १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायालयात पुरुष, स्त्रिया, अपंग व तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत असा निकाल दिला. मंडळी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला संडास-मोरीवर निकाल द्यावा लागला, यातच सगळे आले. नकाशे काढताना हे कोणाच्या ध्यानात आले नसेल काय? आले असेलही. पण ज्यांना दिवसभर पाणी न पिता तारखेला बसावे लागते, त्यांना कोणी विचारले नसेल.

तान्ह्या मुलाची आई पोटगीच्या कामासाठी येते. तिला हिरकणी कक्ष हवा. कुबड्या घेऊन येणाऱ्याला उतरंड हवी, आणि ती उतरंड मागच्या दाराशी, कचराकुंडीजवळ नको, पुढच्या दाराशीच हवी. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा न्यायालयापर्यंत पोचणे हा त्यांचा हक्क मानतो. म्हातारीला पुकारा ऐकू आला नाही म्हणून तिचा दावा काढून टाकला जाऊ नये, तर कोणत्या कोर्टात कोणते काम चालू आहे हे मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसले पाहिजे. आणि पाटी वाचता येत नाही त्याला सांगायला दारातच माणूस हवा.

पाचवी मोजणी कागदाची. कागद हलका असतो हा आपला भ्रम आहे. घट्ट बांधलेल्या कागदाचा एक घनमीटर ढीग सात-आठशे किलोपर्यंत भरतो. साध्या कचेरीच्या मजल्याचा हिशेब चौरस मीटरमागे अडीचशे ते चारशे किलोंचा धरतात. म्हणजे वरच्या मजल्यावरची खोली रिकामी दिसली म्हणून तिच्यात छतापर्यंत दप्तरे रचली, तर खालच्यांच्या डोक्यावर टांगती तलवार! मग दप्तर तळमजल्यावर ठेवावे? कोल्हापुरात तसे म्हणतानाही विचार करावा लागतो. पंचगंगेचे १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. भिजलेले कपडे वाळतात, पण भिजलेला जुना दस्त वाळून पुन्हा वाचता येईलच असे नाही. आणि तो दस्त म्हणजे कोणाच्या तरी चार एकरांचा एकुलता एक पुरावा असतो. तेव्हा दप्तरखान्याची जागा पुराच्या रेषेच्या वर, पण भार सोसणाऱ्या मजल्यावर, ओल, वाळवी आणि आग यांपासून दूर अशी शोधावी लागते.

जुन्या इमारतीची दुरुस्ती करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. भाऊसिंगजी रोडवरच्या संस्थानकालीन वास्तूसारख्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड आणि छते उंच असतात. त्यामुळे आत गारवा राहतो. शहराच्या मध्यात असल्याने एसटीने आलेल्या माणसालाही त्या सोयीच्या पडतात. पण उंच दालनात आवाज घुमतो, आणि न्यायालयात तर सगळा व्यवहार बोलण्या-ऐकण्याचा. दगडी भिंतीतून विजेच्या तारा न्यायच्या तर भिंत न दुखावता न्याव्या लागतात. लाकडी तुळया तपासाव्या लागतात. गाड्या उभ्या करायला आवार पुरत नाही. कोल्हापुरात अधिसूचना आणि उद्घाटन यांच्यामध्ये पंधरा-सोळा दिवसच होते. तेवढ्यात त्या वास्तूची डागडुजी होऊन कोर्ट उभे राहिले, ही कौतुकाची गोष्ट आहे. पण घाईतली सोय ही घाईतली सोय. ती कायमच्या घराचा नमुना होऊ नये.

नव्या जागेचा लाभ असा की तिथे मोकळेपणाने मांडणी करता येते. पण मोकळ्या जागेचा मोहही मोठा असतो. शेंडा पार्क शहराच्या कडेला आहे. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेला वैभववाडीचा किंवा मंगळवेढ्याचा माणूस तिथवर जाणार कसा, याचा विचार इमारतीइतकाच आधी व्हायला हवा. आंबा घाट, करूळ घाट, आंबोली घाट ओलांडून येणाऱ्याची गाडी पावसाळ्यात दरड कोसळली की अडते. तो वेळेवर पोचला नाही तर काय, आणि काम दुसऱ्या दिवसावर गेले तर रात्री राहायचे कुठे? पंढरीच्या वारकऱ्याला धर्मशाळा आहे. न्यायाच्या वारकऱ्यासाठीही आवारात किंवा जवळपास स्वस्त निवाऱ्याची सोय असावी, ही मागणी चैनीची नव्हे. जागा २५ एकर आहे म्हणून सारीच एकदम बांधून टाकू नये. आज लागेल तेवढे बांधावे, उद्यासाठी वाट मोकळी ठेवावी, आणि पाया मात्र उद्याच्या मजल्यांचा घालावा. सात न्यायाधीशांची चौऱ्याण्णव झालेली गोष्ट मघाशी ऐकलीत ना!

आता शेवटची आणि माझ्या मते मुख्य गोष्ट. ही मोजणी करताना विचारायचे कोणाला? न्यायमूर्तींना विचारतात, वास्तुतज्ज्ञाला विचारतात, बांधकाम खात्याला विचारतात, वकील संघटनाही आपले म्हणणे मांडतात. हे सगळे हवेच. पण बेलिफाला विचारा, त्याला माहीत असते की समन्स घेऊन आलेला माणूस कोणत्या दारापाशी चुकतो. पट्टेवाल्याला विचारा, कोणत्या कोपऱ्यात पुकारा ऐकू जात नाही ते तो सांगेल. झाडूवालीला विचारा, पाणी कुठे तुंबते ते तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही. दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला विचारा. आणि तारखेला आलेल्या दहा पक्षकारांना, त्यांत पाच बायांना, एवढेच विचारा की, सकाळी घरातून निघाल्यापासून आत्तापर्यंत तुम्ही काय काय केलेत? त्या उत्तरांतून जो नकाशा निघेल तो कोणत्याही मोठ्या शहराच्या कचेरीत बसून निघायचा नाही. कारण इमारत ज्याच्या खुर्चीवरून मोजावी, त्याच्याच सोयीची होते. न्यायासनावरून मोजली तर न्यायासनाच्या सोयीची. व्हरांड्यातल्या बाकावरून मोजली, तर दोघांच्याही सोयीची होते. पक्षकार स्वस्थ बसला, साक्षीदार निर्धास्त राहिला, कागद जागच्या जागी सापडला, की न्यायाधीशाचेही काम सुरळीत चालते.

हे सगळे कोल्हापूरच्या खंडपीठापुरतेच नाही. तालुक्याच्या कोर्टालाही नवी इमारत लागते, जुनीला मजला चढतो. तेव्हा गावकरी मंडळींनी, वकिलांमार्फत किंवा ग्रामसभेच्या ठरावाने, आपल्या गरजा लेखी कळवाव्यात. नुसते 'सोयी नाहीत' असे लिहून भागत नाही. किती माणसे येतात, किती बाक आहेत, पाण्याचे नळ किती आणि एसटीचा थांबा किती दूर, हे आकडे लिहावेत. आकड्यांना टाळता येत नाही. आणि शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित आपल्याच शाळेपासून करायला लावा. मधल्या सुट्टीत किती मुले पाण्याला जातात, नळ किती, रांग किती मिनिटांची, मुलींसाठी सोय पुरेशी आहे काय, हे त्यांनी मोजून फळ्यावर मांडावे. मग तीच मुले उद्या पंचायतीत, बांधकाम खात्यात, किंवा न्यायासनावर बसतील, तेव्हा आधी माणसे मोजतील आणि मग विटा.

कोर्टाची पायरी चढावी लागू नये, ही इच्छा चांगली आहे. पण ज्याला चढावीच लागते, त्याला ती चढता आली पाहिजे.